कोरा खिळा

पोरी, ते कंप्युटरवर बटणं बडवायचं जरा थांबीव आन् खुर्ची हिकडं फिरीव. माझ्या खिशात घडी घातलेला कागद हाय, त्याचंच काम हाय तुझ्याकडं. पर ते मागनं. आधी एक गोष्ट ऐक. लांबड लावणार न्हाई. तुझा चहा निवायच्या आत संपली न्हाई, तर दुसरा चहा माझ्याकडनं.

तू तवा फ्रॉकात असशील. पंधरा-सोळा वर्सं झाली. मी नगरपालिकेत वॉलमन व्हतो. गावात सदतीस वॉल. जमिनीत खड्डा, वर लोखंडी झाकण, आत वॉल. त्यात कमरेएवढी लोखंडी चावी घालायची आन् फिरवायची. एक पुरा फेरा म्हंजे एक आटा. कुठल्या पेठेला कुठला वॉल, किती आटे, आधी कुठला, मागनं कुठला, समदं माझ्या मनगटात. कागदावर एक अक्षर न्हाई. सव्वीस वर्सं मला कुणी इचारलं न्हाई आन् म्या कुणाला सांगितलं न्हाई. खरं सांगू? जरा मिजासच व्हती. भिकानाना उठला तर गावाची आंघोळ, असं म्हणायची लोकं, आन् मला ते गोड लागायचं.

मंग त्याच चावीनं दगा दिला. फिरवून फिरवून पोटात गोळा आला. हर्निया. सोलापूरचा डाक्टर म्हणला, "नाना, दोनदा तारीख पुढं ढकललीत. आतडं अडकलं ना, तर इथपर्यंत पोचायचे न्हाईत तुम्ही." गुरुवारची तारीख दिली. पुढं तीन महिने चावीला हात लावायचा न्हाई.

माझ्या जागी दिला मल्हारी ढोबळे. जकात नाक्यावरचा शिपाई, नाका बंद झाला म्हणून रिकामा बसलेला. माणूस इमानी. पर शाळा माझ्यासारखीच, चौथीत सुटलेली. वाचताना अक्षराखाली बोट धरणार आन् ओठ हलवणार.

नगरपालिकेचे साहेब म्हणले, "नाना, सगळं लिहून द्या त्याला. कागदावर नको, खड्ड्यात भिजतो. मोबाईलवर पाठवा."

बटणांचा मोबाईल तवा. मी दोन दिवस अंगठा झिजवला. जसं तोंडातनं आलं तसं लिवलं. फाटे पाच वाजता उठून टाकी बघायची मंग सोमवार पेठेचा वॉल सोडायचा मंग अर्ध्या तासानं मारुती गल्ली पर त्याआधी पलीकडचा बंद करायचा... असं. थांबा न्हाई, टिंब न्हाई, ओळ न्हाई. सदतीस वॉलांचं एकच लांबलचक शेपूट. मला वाटलं, वा! सव्वीस वर्सांचं ज्ञान उतरवलं.

मंगळवारी मी रक्त तपासायला सोलापूरला गेलो. मल्हारीचा पहिलाच दिवस. धाच्या सुमाराला साहेबांचा फोन. "नाना, टाकी रिकामी झाली."

"रिकामी? आसं कसं व्हईल?"

"ओढ्याला पूर आलाय. लोक कपडे धुताहेत तिथं."

काय झालं व्हतं ऐक. म्या लिवलं व्हतं, वॉल तीन, सात आटे. पर आकडा घातला, मधली जागा सुटली न्हाई. तिनाच्या पुढं सात चिकटला. मल्हारीनं वाचलं, वॉल सदतीस, आटे. आन् सदतीस नंबरचा वॉल कशाचा? वर्सातनं एकदा टाकी धुतो तवा गाळ काढायचा. किती आटे ते लिवलेलं न्हाई, म्हणून गड्यानं फिरेल तेवढा फिरवला. इमानदारीनं. अख्खी टाकी ओढ्यात.

दुपारी गावात आलो तर माझ्या दारात ही गर्दी. घागरी, हंडे, बादल्या. साहेब मधी उभे, तोंड काळवंडलेलं. मला बाजूला घेऊन म्हणले, "टाकी भरायला दीड दिवस लागेल. गुरुवारी सकाळी पुन्हा पाणी सोडायचं, आणि तुम्ही टेबलावर असणार. परत असं झालं तर लोक मला जिवंत ठेवणार नाहीत. नाना, तारीख अजून एकदा पुढं ढकलता येईल का?"

मी पोटातला गोळा हातानं दाबून उभा व्हतो. मनात म्हणलं, ढकलतो. गाव आधी.

तेवढ्यात गर्दीतनं एक आवाज आला. "भिका, पाणी कुठंय?"

द्वारकामावशी. द्वारकाबाई खिस्ती. पेठेतल्या छापखान्यात खिळे जुळवायची. कंपोझिटर. तुला ठाऊक नसंल, तिचं काम कंप्युटरच्या आधीचं. एकेक अक्षर म्हंजे शिशाचा एक खिळा. ते एकेक उचलून पट्टीत लावायचे, तवा एक ओळ व्हायची. आपल्या गावातल्या निम्म्या लोकांच्या लग्नाच्या पत्रिका त्या बाईच्या बोटातनं गेल्यात. माझी पण. पासष्टीची व्हती तवा, काडीसारखी, नाकावर जाड चष्मा, आन् जिभेला धार.

म्या मोबाईल पुढं धरला. "मावशी, माझा काय दोष? समदं लिवून दिलं व्हतं. ह्या मल्हारीला वाचता येत न्हाई."

मल्हारी कोपऱ्यात उभा व्हता, मान खाली. ते ऐकून त्याचे कान लालबुंद झाले.

मोबाईल माझ्या हातात, त्याचा पडदा माझ्याकडं. मावशी समोर. तिनं तो फिरवून घेतला न्हाई. उलटाच वाचला, घडाघडा. खिळे पट्टीत उलटेच असत्यात ना, तिची नजरच तशी बसलेली. वाचून झाल्यावर चष्मा वर सारला आन् म्हणाली, "ह्यात श्वास कुठं घ्यायचा?"

"आँ?"

"अरे, पाण्याखाली बुडवल्यासारखं झालं मला. मल्हारी, इकडं ये रे बाबा. तुला वाचता येतं. ह्याला लिहिता येत नाही. चला दोघंही माझ्यासंगं."

"मावशी, लोकं पाण्यावाचून..."

"पाणी दीड दिवस येत नाही, साहेबच म्हणाले. तेवढ्यात तुझी अक्षरं तरी धुऊन काढू."

छापखान्यात गेलो. निम्मी कपाटं रिकामी व्हती, नवीन मशिनी आल्या व्हत्या, तिचं काम सुटत आलं व्हतं. तरी तिची पेटी तशीच. मोठा लाकडी ट्रे, त्याला बारकी बारकी घरं, एका घरात एक अक्षर. बाईनं बघितलं पण न्हाई. आमच्याशी बोलता बोलता हात चालला, टक टक टक, कोंबडी दाणे टिपतीया तसा. पट्टीत ओळ लावली, शाई फासली, कागद दाबला आन् मल्हारीच्या हातात दिला. "वाच."

मल्हारीनं बोट धरलं. "नाना... नानाची... नानाचीचावी... मावशी, हे काय, समदं एकमेकाला डसलंय!"

"बरोबर. आता बघ." तिनं पेटीच्या एका कोपऱ्यातल्या घरातनं काही खिळे उचलले, मधे मधे घुसवले, पुन्हा दाबलं. मल्हारीनं एका दमात वाचलं. "नानाची चावी लोखंडी, अक्कल शिशाची." आन् खदखदा हसला. सकाळपासनं पहिल्यांदा.

म्या म्हणलं, "मावशी, कोणता खिळा घातलात?"

तिनं माझ्या तळहातावर एक ठेवला. शिशाचा तुकडा. उलटा केला, पालटा केला. वर अक्षरच न्हाई.

"हा तर कोरा हाय."

"कोराच. ह्याला कोरा खिळा म्हणतात. तुम्हाला वाटतं दोन शब्दांमधी काही नसतं. असतं. मोकळी जागा फुकटात होत नाही, भिका. ती पण उचलून, मोजून लावावी लागते. माझ्या पेटीत 'क'पेक्षा जास्त कोरे आहेत. बाकीची अक्षरं ह्याच्या जिवावर दिसतात."

मी त्यो खिळा कितीतरी वेळ हातात फिरवत बसलो. शिशाला वजन असतं बघ.

मंग तिनं मोबाईल घेतला. चष्म्यावरनं बघत बटणं दाबून बघितली. "मोठा खिळा नाही यात?"

"न्हाई."

"जाड? लाल शाई?"

"न्हाई मावशी. साधी अक्षरं येत्यात, बास."

"मग आहे काय? ही रेघ आहे. ही चांदणी आहे. हे बरोबरचं चिन्ह. आणि हे..." एक बटण सापडलं तिला, दाबलं की खालच्या ओळीवर जायचं. असं हसली बाई, सोनं घावल्यासारखी. "पुष्कळ झालं की! भिका, ह्या बटणात लाख कोरे खिळे भरलेत, आणि तू एक वापरला नाहीस?"

संध्याकाळ व्हईस्तवर बसलो तिघं. मी बोलायचो, ती लिवायची, मल्हारी वाचायचा. जिथं त्याचं बोट अडखळलं तिथं ती थांबायची. त्याला एकदा पण म्हणली न्हाई की नीट वाच. मलाच म्हणायची, "भिका, ही ओळ लांब झाली. त्याचं बोट परत येईपर्यंत घर चुकतंय. मोड."

समदं शेपूट तिनं तोडलं. एका पेठेला एक मेसेज, मल्हारीच्या मोबाईलवर. वर पेठेचं नाव, दोन्ही बाजूला बरोबरची चिन्हं, दाराला चौकट घालावी तशी. खाली एक ओळ कोरी. मंग एका ओळीत एकच काम, आधी रेघ. आन् सगळ्यात मोठी युक्ती: वॉलचा नंबर अक्षरात, आटे आकड्यात. "दोघांची घरं वेगळी. आता चिकटायचे म्हटले तरी चिकटायचे नाहीत." बघ, मला अजून पाठ हाय.

== सोमवार पेठ ==

सकाळी ६

- वॉल तीन
- उघड
- ७ आटे

"वाच मल्हारी."

"सोमवार पेठ. सकाळी सहा. वॉल तीन. उघड. सात आटे." बोट न लावता वाचलं गड्यानं. मंग स्वतःच्या बोटाकडं बघत राहिला, ते रिकामं कसं राहिलं म्हणून.

आमची भांडणं पण झाली बरं का. मुख्य पाइप फुटली तर काय करायचं, ते म्या सगळ्यात शेवटी लिवलं व्हतं. पाच वर्सांतनं एकदा फुटती, ते शेवटीच लिवायचं ना? मावशी एकदम टेबलावर थाप मारून वरडली, "मल्हारी, पाइप फुटली! काय करशील?"

मल्हारी दचकला. बटण दाबत खाली चालला. सोमवार पेठ, मारुती गल्ली, कुंभारवाडा, खाली, खाली...

"वाहून गेलं गाव तुझं," मावशी म्हणाली. "ज्याला घाई आहे तो खालपर्यंत जात नाही, भिका. हे आधी. आणि दोन्हीकडं तीन तीन चांदण्या लाव."

दुसरं भांडण एका शब्दावरनं. टाकीखालचा एक नंबरचा वॉल बंद करायचा तर हळू करावा लागतो. झटक्यात केला तर पाणी उलटं धडकतं आन् जुनी पाइप दुसऱ्या चार ठिकाणी फुटती. म्या म्हणलं, "लिवा, हळू बंद कर."

तिनं लिवलं. मल्हारीनं वाचलं. "वॉल एक. बंद. बावीस आटे."

"हळू कुठं गेला?"

मल्हारी वरमला. "व्हय की. राहिलाच."

मावशीनं त्यो शब्द उचलून खालच्या ओळीवर नेला. वर एक ओळ कोरी, खाली एक ओळ कोरी. मधी एकटा शब्द.

मी चिडलो. "मावशी, येवढ्याशा शब्दाला तीन ओळी? आवो, हळू करायचं हे कुणाला बी कळतं!"

"तुला कळतं. तुझ्या हाताला सव्वीस वर्सं झाली. त्याच्या हाताला आज पहिला दिवस आहे. जे तुझ्या मनगटाला माहीत आहे आणि त्याच्या नाही, त्याच्याच भोवती जागा सोडायची. बाकी सगळं नुसतं लिहिलं तरी चालतं."

मी मान खाली घालून त्या तीन ओळी परत वाचल्या. तिनं मला वर बघायला लावलं आन् इचारलं, "भिका, गुरुवारी जाणारेस ना सोलापूरला?"

"साहेब म्हणतात पुढं ढकल."

"मी तुला विचारतेय."

म्या मल्हारीकडं बघितलं. गडी मोबाईल दोन्ही हातांत धरून ओठ न हलवता वाचत व्हता. म्या म्हणलं, "जातो."

साहेबांनी पण त्याच्याकडनं दोनदा वाचून घेतलं आन् मान हलवली.

गुरुवारी सकाळी मला टेबलावर घेतलं. भुलीचं इंजेक्शन देताना डाक्टर म्हणला, "नाना, काही आठवा छानसं." मला काय आठवणार? वॉल तीन, सात आटे. तिथंच डोळा लागला.

शुक्रवारी दुपारी डोळं उघडं ठेवून पडलो व्हतो, तर दारात मल्हारी. हातात दोन मोसंब्या. विजार गुडघ्यापतूर चिखलानं वाळलेली.

"काय रं? पुन्हा सदतीस?"

"न्हाई नाना. फुटली."

"काय फुटली?"

"मेन पाइप. काल अकराला. मुलींच्या शाळेच्या फाटकात."

मी उठायला गेलो, सिस्टरनं दाबून निजवलं. मल्हारी पलंगाच्या कडंला टेकला आन् सांगायला लागला. पाणी पुरुषभर उंच उडत व्हतं. फाटकातनं शाळेत, शाळेतनं बालवाडीच्या खोलीत. बाईंनी पोरी बाकांवर उभ्या केल्या व्हत्या. कुणी म्हणतं हा वॉल बंद कर, कुणी म्हणतं तो. साहेबांचा फोन लागंना. नानाला तर लावायचाच न्हाई, नाना टेबलावर.

"मग काय केलंस?"

"टाकीकडं पळालो. पळता पळता मोबाईल काढला. त्या वक्ताला मला माझं नाव वाचता आलं नसतं."

"मग वाचलंस कसं?"

"वाचलंच न्हाई," मल्हारी म्हणला. "दिसलं."

मी उशीवरनं मान उचलली.

"पयल्या चांदण्या दिसल्या. खाली वॉल एक. बंद. बावीस. चावी घातली आन् जीव खाऊन फिरवायला लागलो. तीन आटे असे गरगरा. परत किती म्हणून मोबाईलकडं बघितलं, तर..." त्यानं दोन्ही हात अंतरावर धरले, मधी काहीतरी बारीक असल्यावाणी. "मधी त्यो एकटाच उभा. हळू. वर कुणी न्हाई, खाली कुणी न्हाई. येवढ्या रिकाम्या रानात एकटा माणूस हात वर करून उभा असला तर गाडी थांबवतोच की आपण. तसा थांबलो. दम घेतला. मंग एकेक आटा. हळू. पाण्याचा आवाज बारीक बारीक होत गेला. दुसरी कुठं फुटली न्हाई, नाना. एक थेंब न्हाई. पोरींची नुसती चपला-दप्तरं भिजली."

म्या मोसंबी सोलून त्याच्याच हातात दिली.

मला सुट्टी झाली तसा घरी न जाता आधी छापखान्यात गेलो. मावशी स्टुलावर बसून कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका लावत व्हती. मी समदं सांगितलं. तिनं हात थांबवला न्हाई. शेवटी येवढंच म्हणाली, "मल्हारी बरा आहे ना? जास्त ओरडलं नाही ना त्याला कुणी?" आन् पेटीतनं एक खिळा काढून माझ्याकडं टाकला. "हा ठेव. परत काही लिहायला बसलास की आधी हा समोर ठेवायचा."

हा बघ. इतकी वर्सं शर्टाच्या खिशात हाय. झिजलाय, पर झिजून त्याचं काय जाणार? मुळातच कोरा.

पोरी, मावशी गेली परवा. एक्क्याऐंशी वर्सांची. शांत गेली, चष्मा नाकावरच व्हता.

आता त्यो कागद. हे घे. पेठेतल्या मंडळींनी मजकूर दिलाय, चौकात श्रद्धांजलीचा बोर्ड लावायचाय. वाच तू. भावपूर्ण, अश्रुपूर्ण, दोन ओळींचा श्लोक, खाली शोकाकुल म्हणून बेचाळीस नावं, नगरसेवकाचा फोटो मावशीच्या फोटोपेक्षा मोठा, चार कोपऱ्यांत चार गुलाब. श्वास घ्यायला जागा न्हाई. मला बघवंना. मी मल्हारीला इचारलं, आता त्योच गावाचा मोठा वॉलमन हाय, त्याच्या हाताखाली दोघं हाईत. त्यो म्हणला, नाना, तुमी जा दुकानात, मंडळींना मी सांगतो.

म्हणून आलो. मजकूर मी सांगतो तेवढाच घे. वर मधोमध नाव: द्वारकाबाई खिस्ती. त्याच्या खाली, एक ओळ सोडून: कंपोझिटर. बास. फोटो नको, गुलाब नको, माझं नाव तर नकोच. मंडळी येतील, म्हणतील, येवढा मोठा बोर्ड आन् रिकामाच? तुझा हात शिवशिवंल, कुठं वेल काढावी, कुठं किनार घालावी म्हणून. हा खिळा तुझ्या कंप्युटरपाशी ठेवून जातो, काम होईस्तवर राहू दे समोर. आन् येवढं ऐक माझं, पोरी. तिच्या नावाच्या चारी बाजूंनी जागा सोड. भरपूर सोड.